झाडू आमच्या हाती, नाली कोणाच्या हाती?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग लागायला थोडेच दिवस राहिले असतील. घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू असेल. कवेलू फिरवून घ्यायचे, जळण आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, पापड-कुरडया डब्यांत भरायच्या, आणि कास्तकाराच्या घरी तर बियाण्याच्या पैशांची ओढाताण. या सगळ्या यादीत एक गोष्ट मात्र सहसा नसते. ती म्हणजे आपल्या दारासमोरून जाणारी नाली. ती तुंबली की तिची आठवण होते, आणि ती तुंबते नेमकी पहिल्या मोठ्या पावसात.

बायकांच्या प्रश्नांवरच्या अंकात नालीवर अग्रलेख कशाला, असे काहींना वाटेल. हुंडा, मारझोड, पोटगी, मजुरी, जमिनीवर नाव असे कितीतरी प्रश्न पडलेले असताना हे नगरपालिकेचे काम आपण का अंगावर घ्यायचे? पण कोणत्याही वस्तीत बायकांची बैठक घेऊन बघा. पहिली दहा मिनिटे संकोचाची जातात, आणि मग बोलणे सुरू होते ते पाण्यापासून, नालीपासून, संडासापासून. नवऱ्याच्या दारूवर बोलायला बाईला वेळ लागतो. नालीवर ती लगेच बोलते, कारण ते दुःख उघड्यावरचे आहे आणि रोजचे आहे. जे बाईच्या तोंडून पहिल्यांदा निघते त्याला दुय्यम म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आधी हे पाणी घाण होते कसे, ते नीट समजून घेऊ. पावसाचे पाणी आभाळातून पडते तेव्हा बरेचसे स्वच्छच असते. जमिनीवर उतरल्यावर ते मैले होते, आणि त्याला फार लांब जावे लागत नाही. आठ महिने रस्त्यावर, उकिरड्यावर, गॅरेजसमोर, बाजाराच्या मागच्या बाजूला जे साचलेले असते ते पहिल्या दोन-चार सरी धुऊन काढतात. गाड्यांचे ऑइल, जनावरांचे शेण, माणसांची विष्ठा, कुजलेला भाजीपाला, प्लॅस्टिकच्या पन्न्या, सगळे एकदम वाहू लागते. म्हणून पहिल्या पावसाचे वाहते पाणी वर्षातले सगळ्यांत घाण पाणी असते. पोरे त्यातच नाचतात आणि आपण कौतुकाने बघतो.

दुसरी गोष्ट अशी की नगररचनेच्या पुस्तकात दोन पाण्यांच्या दोन वाटा सांगितलेल्या आहेत. न्हाणीचे, मोरीचे आणि संडासाचे पाणी बंद नळातून शुद्धीकरण केंद्राकडे जावे, आणि पावसाचे पाणी वेगळ्या नालीतून नाल्याकडे, नदीकडे जावे. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत ही दोन्ही पाणी एकाच उघड्या नालीतून जातात. घरामागे सेप्टिक टाकी असली तरी तिच्यातून बाहेर येणारे पाणी शोषखड्ड्यात न जाता त्याच नालीत सोडलेले असते. उन्हाळ्यात ही नाली सावकाश वाहते आणि मच्छर पाळते. झडी लागली की तिच्यात मावत नाही ते रस्त्यावर येते, ओट्यावर येते, आणि सखल भागात असेल तर घरात येते. घरात शिरते त्याला आपण पुराचे पाणी म्हणतो, पण खरे म्हणजे ती शेजारच्या शंभर घरांची मोरी असते.

त्यात गेल्या काही वर्षांत गल्लीबोळ सिमेंटचे झाले. चिखल गेला, बायकांचा त्रास कमी झाला, हे खरेच आहे आणि ते नाकारू नये. पण सिमेंटखाली पाणी मुरत नाही. आपली वऱ्हाडची काळी माती आधीच अशी की उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि एकदा भिजून फुगली की पाणी आत घ्यायला तयार नसते. वर सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक घातले की पडलेला थेंब न थेंब नालीतच जायचा. नाली मात्र आहे तेवढीच राहिली. काही ठिकाणी तर ले-आउट पाडताना जुना नालाच बुजवला गेला. पाण्याला वाट लागते, आणि ती दिली नाही तर ते गरिबाच्या घरातून काढून घेते.

हे पाणी पुढे कुठे जाते? अमरावतीच्या मधून अंबा नाला वाहतो, तो पेढी नदीला मिळतो. पेढी पूर्णेला मिळते. अकोल्याच्या मधून मोर्णा वाहते, तीही पूर्णेलाच मिळते. आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. म्हणजे अमरावतीच्या गल्लीत टाकलेली पन्नी आणि अकोल्याच्या नाल्यात सोडलेला मैला एकाच खोऱ्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, देशात सगळ्यांत जास्त. त्या यादीत मोर्णा होती, पेढी होती आणि पूर्णाही होती.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे, हे या भागातल्या वाचक बहिणींना सांगायला नको. तिथे शेकडो गावांत विहीर खणली, बोअर मारली तरी लागते ते खारे पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गावोगावी मूत्रपिंडाचे रोगी दिसतात. अशा मुलखात गोड पाणी म्हणजे आभाळातून पडलेले किंवा लांबच्या धरणातून नळाने आलेले. खारपाण पट्ट्यातल्या बाईला पावसाच्या पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. शहराने हेच एकमेव गोड पाणी नालीत घालून तिच्या अंगावर सोडायचे, आणि तिने हंडा घेऊन टँकरची वाट बघायची, असा हा व्यवहार आहे.

आता या व्यवहारात पैसे कोण भरते ते बघू.

२१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात धो धो पाऊस झाला. एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर, म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळजवळ चौथा हिस्सा. मोर्णा फुगली, नाले उलटे आले, सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा रात्रीनंतर घरात काय होते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पंचनामा पुरुषाच्या नावाने होतो. चिखल बाई काढते. भिजलेले धान्य वाळवायचे, गाद्या फेकायच्या की ठेवायच्या हे ठरवायचे, रेशनकार्ड आणि पोरांच्या शाळेचे दाखले उन्हात ठेवायचे, आणि संडास तुंबलेला असताना अंधार पडेपर्यंत कळ काढायची. त्या चिखलात काय असते ते वर सांगितलेच आहे. दोन दिवसांनी घरात एकाला जुलाब सुरू होतात, आणि उशाशी बसणारीही तीच असते. तिची त्या आठवड्याची मजुरी बुडते ती कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

हे झाले शहराचे. मेळघाटात हीच गोष्ट जिवावर बेतते. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली. नळाचे पाणी बंद होते, म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. पावसाळ्यात उघड्या विहिरीत काय उतरते ते वेगळे सांगायला हवे का? ७ जुलैपासून आठवडाभरात अमरावती जिल्ह्यात १८१ जणांना लागण झाली आणि पाच माणसे गेली. त्यात ऐन उमेदीतली माणसेही होती. साथीच्या गावांत अमरावती शहराजवळचे नया अकोलाही होते, म्हणजे हे फक्त डोंगरातले दुखणे आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. ज्या आजारावर मीठ-साखरेच्या पाण्याचा इलाज आहे त्याने माणसे मरतात, तेव्हा तो रोगाचा दोष राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी बायकांच्या अंकाने सांगितली नाही तर कोण सांगणार? घाण पाण्यातून जी कावीळ पसरते तिचा एक प्रकार आहे, हेपॅटायटिस ई. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत त्यातून उठतो. पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हाच आजार झाला तर तो फार भयंकर ठरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बायकांपैकी शंभरात वीस-पंचवीसपर्यंत दगावू शकतात. आपल्या देशानेच हे जगाला आधी दाखवले. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर आला आणि नदीने पात्र बदलले. नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलले जात होते तिथपर्यंत येऊन पोचले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि गरोदर बायकांमधले मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. या विषाणूची ओळख पटायला पुढे कित्येक वर्षे लागली. नाल्याचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकत्र आले की पहिला वार कोणावर होतो ते मात्र तेव्हाच दिसले होते. आपल्याकडे पिण्याच्या नळाची लाइन नालीतूनच गेलेली असते, आणि नळ दोन-तीन दिवसांआड येतो. नळ बंद असताना फुटक्या जोडातून नालीचे पाणी आत शिरते. तेव्हा ही गोष्ट दिल्लीची आणि जुनी म्हणून सोडून देता येत नाही.

मग यावर इलाज काय? सगळ्यांना सुचणारा इलाज म्हणजे स्वच्छता मोहीम. अकोल्याने ती फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. १३ जानेवारी २०१८ रोजी जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने मोर्णा स्वच्छता मोहीम झाली. सहा हजारांवर माणसे नदीत उतरली. शंभराहून जास्त संस्था, शाळा-कॉलेजांची मुले, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या आल्या. जलकुंभीने बुजलेले पात्र मोकळे झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात त्याचा उल्लेख केला. अकोलेकरांना अभिमान वाटला तो योग्यच होता. माणसे स्वतःच्या नदीच्या काठाशी पुन्हा गेली, हे लहान काम नाही.

पण जलकुंभी काही आजार नाही, ती लक्षण आहे. मैलापाण्यातले खत खाऊन ती वाढते. जोपर्यंत शहराचे नाले तसेच नदीत येतात तोपर्यंत ती काढली तरी पुन्हा वाढणारच. हजारो हातांनी एका दिवशी जे काढले ते नाल्यांनी वर्षभरात परत आणून घातले, तर चूक हातांची नाही. मोहिमेला एक दिवस लागतो, एक फोटो लागतो आणि चांगले मन लागते. नाली वेगळी करायला अंदाजपत्रक लागते, नकाशा लागतो, आणि दरवर्षी तेच काम कंटाळा न करता करणारी व्यवस्था लागते. पहिल्या गोष्टीसाठी बायकांना नेहमी बोलावणे येते. दुसऱ्या गोष्टीच्या बैठकीला मात्र बोलावणे येत नाही.

झाडूबद्दल बोलायचे आणि गाडगेबाबांची आठवण काढायची नाही, असे वऱ्हाडात होऊ शकत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचा. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, त्यांनी देह ठेवला. तीच पेढी २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत होती. बाबांच्या नावाने राज्य सरकारने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवले, त्यातून पुष्कळ गावांचा चेहरा बदलला. पण एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो. बाबांनी झाडू स्वतःच्या हातात घेतला होता, तोही चारचौघांत, पुरुष असून. आपण तो त्यांच्या तसबिरीला वाहिला आणि पुन्हा बाईच्या हातात दिला. अभियानाच्या दिवशी पुढारी दोन हात झाडून फोटोपुरते उभे राहतात आणि उरलेला रस्ता गावच्या बाया झाडतात.

आणि ज्या बाया-माणसांच्या हातात जातीने झाडू दिला, त्यांचे काय? पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ उपसायला कोण उतरते? पायात बूट नाही, हातात मोजे नाहीत, कंत्राटदाराकडे नाव नोंदलेले नाही. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. गटारात उतरून जीव गेला तर वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचाच अर्थ मरणे थांबले नाही. आपण नालीत जे टाकतो ते कोणाच्या तरी उघड्या हातात जाते. नाली स्वच्छ हवी अशी मागणी करताना ती कोणाच्या हाताने आणि कोणत्या साधनांनी स्वच्छ होणार, हा प्रश्न आपण विचारला नाही, तर आपली स्त्रीमुक्ती आपल्या ओट्यापुरतीच राहील.

आता थोडे स्वतःबद्दल बोलू. नालीत सगळे नगरपालिकाच टाकते असे नाही. पन्नीत बांधलेले शिळे अन्न, तळणाचे तेल, केसांचे गुंते हे आपणही टाकतो. आणि टाकतो ती पॅड. यावर बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण तो संकोचच तर मूळ आहे. पाळीचे कापड कोणाच्या नजरेस पडू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले. पॅड कचऱ्याच्या डब्यात टाकावे तर डबा उघड्यावर, घंटागाडीवाला पुरुष, आणि घरात सासरा-दीर. म्हणून बाई ते अंधारात नालीत किंवा संडासात टाकते. ते फुगते, नाली तुंबते, आणि शेवटी कोणीतरी सफाई कामगार ते हाताने काढतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर ते गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी टाकली होती. किती जणींना ही पिशवी मिळाली? पाळीची लाज गेली तर नाल्या निम्म्या मोकळ्या होतील असे मी म्हणत नाही. पण लाजेचा आणि तुंबलेल्या नालीचा संबंध आहे, आणि तो सांगायचे काम आपलेच आहे.

खेड्यातली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे गोठ्याचे मूत आणि उकिरड्याचे पाणी पावसाबरोबर विहिरीकडे उतरते. त्यात आता फवारणीची भर पडली. कपाशीवर फवारायच्या औषधासाठी पाणी आणून द्यायचे काम बहुधा बायकांचे. फवारणी झाल्यावर पंप धुतला जातो तो नाल्यावर किंवा हापशीवर, आणि रिकामे डबे बांधावर पडतात. काही घरांत तर तेच डबे धुऊन वापरायला काढतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हे औषध काय चीज आहे ते सगळ्यांनी पाहिले. जे औषध फवारणाऱ्याचा जीव घेते ते पावसाने धुपून विहिरीत उतरले तर पाणी पिणाऱ्याचे काय होईल? पंप शेतातच, पाण्यापासून लांब धुवायचा, डबा फोडून ठेवायचा, घरात आणायचा नाही, एवढे तरी घरच्या पुरुषांना ठणकावून सांगता येईल.

म्हणजे दोन्ही बाजूंनी काम आहे. घरचे काम आपण करू. पण घरचे काम करायला सांगून सरकार मोकळे होणार असेल तर ते आपण चालू देणार नाही. घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. सार्वजनिक आरोग्य, मलनिस्सारण आणि घनकचरा ही कामे नगरपालिकांची म्हणून घटनेच्या बाराव्या परिशिष्टात लिहिलेली आहेत. अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासक होता. तेवढे पावसाळे आपण नगरसेविकेविना काढले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आणि सभागृहात निम्म्या जागांवर बाया आहेत. आता विचारायला माणूस आहे. तेव्हा विचारू या.

काय विचारायचे? पहिले, आमच्या प्रभागातल्या नाल्यांचा नकाशा दाखवा. कोणती नाली कुठून निघते, कुठे मिळते आणि कुठे बुजवली आहे? दुसरे, पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची तारीख आणि कंत्राट जाहीर करा, आणि काढलेला गाळ काठावर टाकून जाऊ नका. काठावरचा गाळ पहिल्याच पावसात परत नालीत जातो, आणि पैसे दोनदा निघतात. तिसरे, सफाई कामगारांना साधने दिलीत का? त्याची नोंद दाखवा. चौथे, नव्या सिमेंट रस्त्याबरोबर पावसाच्या पाण्याची वेगळी वाट आखली आहे का? पिण्याच्या नळाची लाइन नालीतून काढणार कधी? पाचवे, घंटागाडीची वेळ मजुरीला जाणाऱ्या बाईच्या सोयीची का नाही? सकाळी सातला कामावर गेलेल्या बाईला दहाची गाडी काय कामाची? तिचा कचरा नालीतच जाणार. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, त्याचा अर्ज साध्या कागदावर करता येतो.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. नदी सुधारायची, नाला सुशोभित करायचा म्हटले की पहिली नजर काठच्या झोपड्यांवर जाते. त्या बायका तिथे हौसेने राहायला आलेल्या नाहीत. शहरभराची घाण त्यांच्या दारातून वाहते, आणि अतिक्रमणाचा शिक्का मात्र त्यांच्या कपाळी बसतो. पुराच्या धोक्यातून त्यांना हलवायचे असेल तर आधी घर द्या, तेही कामाच्या ठिकाणापासून जवळ आणि बाईच्या नावे. त्याशिवाय नाल्याच्या सौंदर्याशी आपल्याला काही देणेघेणे नाही.

गावातल्या बहिणींसाठी दोन करून पाहिलेली कामे सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी घराजवळच मुरवले, आणि उघड्या नाल्यांची व मच्छरांची कटकट कमी केली. आपल्याकडे हे करताना मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यावा लागतो, नुसत्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही. पिण्याच्या विहिरीजवळ तर मुळीच घेऊ नये. जिथे मुरूम लागतच नाही तिथे सांडपाणी परसबागेतल्या केळी-अळूला द्यावे. दुसरे काम पाणी तपासण्याचे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामसेवकाला विचारा. यादीत नावे असतील आणि त्या बायकांना पत्ताच नसेल, असेही होऊ शकते. तपासणीचे सामान कपाटात बंद असेल तर बाहेर काढायला लावा, आणि मृगापूर्वी एकदा व झडीनंतर एकदा विहिरीचे पाणी तपासा. विहिरीला कठडा बांधून घ्या, भोवती ओटा करा.

आणि छपराचे पाणी. साधा हिशेब करा. पन्नास चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर पस्तीस हजार लिटर पाणी एका घरावर पडते. पहिल्या एक-दोन पावसांचे सोडून द्या, छप्पर धुऊ द्या. मग पन्हाळी लावून जेवढे धरता येईल तेवढे टाकीत धरा. तेवढे पाणी नालीत जाणार नाही, आणि खारपाण पट्ट्यातल्या बाईचे तेवढे हंडे वाचतील.

शेवटी एक विनंती. हा अंक वाचून झाल्यावर चार-पाच जणी मिळून एका सकाळी आपल्या दारची नाली जिथे जाते तिथपर्यंत चालत जा. तिच्यात कुठे काय मिळते, कुठे ती अडते, कोणाच्या घरासमोर फुटते ते वहीत लिहून काढा. सोबत सफाईचे काम करणाऱ्या बाईला घ्या. तिला नालीची जेवढी माहिती आहे तेवढी इंजिनिअरलाही नसेल. तिची मजुरी बुडणार असेल तर वर्गणी काढून ती भरून द्या. ती वही घेऊन प्रभागाच्या कार्यालयात किंवा ग्रामसभेत जा, आणि तिची एक प्रत आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात आपण त्या वह्या छापू. घरचा झाडू ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी या पावसाळ्यात गावाच्या नालीचा हिशेबही मागितला, असे त्या अंकात लिहिता यावे, एवढीच इच्छा.

— संपादक मंडळासाठी